खून शेजारी, कॅमेरा दारी

(वृत्तवाहिनीला प्रथमच सामोरे जाणाऱ्या शेजाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

पत्रकार व्हायला पदविका आहे, फौजदार व्हायला नाशिकची अकादमी आहे, वकिलाला तर तीन किंवा पाच वर्षे घासावी लागतात. खुनाच्या बातमीत या तिघांपेक्षा जास्त वेळ पडद्यावर दिसतो तो शेजारी, आणि त्यालाच कोणी काही शिकवत नाही. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला तो दार उघडतो आणि हनुवटीखाली चार माइक येतात. बिचारा गांगरतो. "मला काही माहीत नाही हो," असे खरे बोलून बसतो आणि जन्मात एकदा चालून आलेली संधी समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त काका घेऊन जातात.

अशा होतकरू शेजाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. पूर्वानुभवाची अट नाही. खून पाहिलेला असण्याची तर मुळीच नाही.

१. आधी पात्रता तपासा

आपल्या भागात खून झाला म्हणजे वाहिनी येणारच, या भ्रमात राहू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे दिवसाला सरासरी ७८. त्यांतले २,२९५ महाराष्ट्रातले. रोजचे सहा धरा. इतक्यांना बुलेटिनमध्ये जागा कुठून आणायची? त्यातून सर्वांत मोठे कारण निघाले ते साधे वाद. एकट्या या कारणाने ९,९६२ गुन्हे. जमिनीचा वाद, घरातला वाद, पाण्याचा वाद. मारणारा कोण हे गावाला पोलिसांच्या आधी ठाऊक असते. यात कसले रहस्य आणि कसला 'विशेष रिपोर्ट'?

खून पात्र ठरायला लिफ्ट, इंग्रजी शाळा, प्रेमप्रकरण, परदेशातला नातेवाईक आणि समाजमाध्यमांवरून उचलता येईल असा मृताचा हसरा फोटो, यांपैकी निदान दोन गोष्टी लागतात. ऊसतोड मजुराच्या कोपीतला खून यात बसत नाही. त्याला खालच्या पट्टीत एक ओळ मिळाली तरी नशीब म्हणायचे.

नमुना म्हणून पेण तालुक्यातले गागोदे घ्या. विनोबांचे जन्मगाव. त्या परिसरातल्या जंगलात मे २०१२ मध्ये एक जळालेला मृतदेह सापडला. कोणतीच वाहिनी धावली नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी तो शीना बोरा या तरुणीचा असल्याचे सांगितले, माध्यमसृष्टीतली बडी नावे जोडली गेली आणि त्याच रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. मृतदेह तोच, जंगल तेच, गावकरी तेच. फक्त पेणच्या खुनाला वरळीचा पत्ता मिळाला होता.

तुमच्या इमारतीला लिफ्ट असेल तर पुढे वाचा.

२. समोर कोण उभे आहे ते ओळखा

छपरावर तबकडी असलेली गाडी म्हणजे ओबी व्हॅन. ती आली म्हणजे मुक्काम दोन दिवसांचा समजावा. नुसतीच पाठीवर जड पिशवी अडकवलेला कॅमेरामन आला असेल, तर त्या पिशवीत चार-सहा सिमकार्डे आहेत आणि तेवढ्यावर तो थेट प्रक्षेपण करतो. म्हणजे तो जिन्यातही येऊ शकतो. हातात वाहिनीच्या नावाचा ठोकळा बसवलेला माइक म्हणजे बूम. तो धरणारा प्रतिनिधी बहुधा पंचविशीतला, काल रात्री दुसऱ्या जिल्ह्यात अपघात आणि परवा कांद्याचे आंदोलन करून आलेला.

त्याच्यावर रागावू नका. त्याची अडचण समजून घेतलीत तर तुमचे महत्त्व आपोआप कळेल. स्टुडिओतून त्याच्या कानात दर अर्ध्या तासाला एकच प्रश्न येतो: "नवीन काय?" आणि तपासात दर अर्ध्या तासाला नवीन काहीच घडत नसते. पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा, मोबाइलचे तपशील, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल, हे सगळे आपापल्या गतीने येते. काही कागद यायला महिने लागतात. बुलेटिन मात्र अर्ध्या तासाने लागणारच, आणि गुरुवारी बार्कचे प्रेक्षकसंख्येचे आकडेही येणारच. तपास आणि बुलेटिन यांच्यामध्ये ही जी मोकळी जागा राहते, ती भरण्यासाठी तुमची नेमणूक आहे. तुम्ही जवळ आहात, फुकट आहात आणि बोललेले सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर नाही. पोलीस निरीक्षकात यांतला एकही गुण नसतो.

प्रतिनिधीला चहा द्या. चहा पाजणाऱ्या शेजाऱ्याच्या नावाखाली 'प्रत्यक्षदर्शी' अशी पट्टी लागण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

३. पहिला बाईट

बाईट म्हणजे कॅमेऱ्यासमोरचे तुमचे बोलणे. तो साधारण बारा-पंधरा सेकंदांचा असतो. एवढ्यात 'मला वाटतं', 'बहुतेक', 'ऐकलंय' असले शब्द बसत नाहीत. बसवलेत तरी एडिटिंगच्या टेबलावर तेच आधी उडतात. तेव्हा ते उच्चारण्याचे कष्ट घेऊ नयेत.

सुरुवात नेहमी स्वभावापासून करावी. नवशिक्यांची चूक अशी की ते स्वभावाचे एकच वर्णन तयार ठेवतात आणि दुपारी अटक झाली की तोंडघशी पडतात. प्रत्येक माहितीच्या दोन आवृत्त्या ठेवा.

अटकेआधी: "मान खाली घालून यायचा, मान खाली घालून जायचा. संस्कारी मुलगा." अटकेनंतर: "कधी नजरेला नजर देत नव्हता. तेव्हाच खटकायचं."

अटकेआधी: "कोणाशी भांडण नाही, तंटा नाही." अटकेनंतर: "कोणात मिसळायचाच नाही."

अटकेआधी: "गणपतीची वर्गणी मागायची वेळ आणली नाही कधी." अटकेनंतर: "पैसा कुठून यायचा, देव जाणे."

अटकेआधी: "रात्री दोन-दोनपर्यंत दिवा चालू. अभ्यास करायचा." अटकेनंतर: "रात्री दोन-दोनपर्यंत दिवा चालू. काय चालायचं कोण जाणे!"

दिवा तोच आहे, हे कोणी लक्षात आणून देत नाही. सकाळीच दोन्ही आवृत्त्या एका दमात देऊन टाकल्यात तर प्रतिनिधीचे पुन्हा जिने चढणे वाचते, आणि वेळ येईल तशी हवी ती आवृत्ती डेस्क कापून घेतो.

४. संशयिताची निवड

हा विषय अवघड वाटतो, पण नियम दोनच आहेत. जो जागेवर नाही तो संशयित. जागेवर नसलेल्यांत जो सर्वांत गरीब, तो पहिला संशयित. वॉचमन, घरकामाच्या मावशी, त्यांचा मुलगा, इस्त्रीवाला, बिहारकडचा सुतार, नेपाळकडचा स्वयंपाकी. साहेब गावाला गेले असतील तर ते कामानिमित्त गेलेले असतात. सुतार गावाला गेला असेल तर तो फरार असतो.

या विषयातला मूळ धडा नोएडाचा आहे आणि प्रत्येक नवशिक्याने तो गिरवावा. १६ मे २००८ च्या सकाळी जलवायू विहारमधल्या एका फ्लॅटमध्ये आरुषी तलवार ही शाळकरी मुलगी मृतावस्थेत सापडली. घरचा नोकर हेमराज जागेवर नव्हता. नियम लागू झाला. दिवसभर तोच खुनी होता, त्याचा ठावठिकाणा सांगणाऱ्याला पोलिसांनी इनामही जाहीर केले. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर हेमराजचा मृतदेह सापडला. गच्चीच्या दाराला कुलूप होते आणि कॅमेरे खाली होते. एक अख्खा दिवस तो देशभर फरार होता आणि तेवढाच वेळ वरच्या मजल्यावर मरून पडलेला होता.

नवशिक्याला इथे प्रश्न पडतो, की मग आदल्या दिवशीच्या बातम्यांचे काय करायचे? काही नाही. दिलगिरीला स्लॉट नसतो. नवा संशयित घ्यायचा. नोएडात तो आठवड्याभरात मिळाला. २३ मे रोजी मुलीच्या वडिलांना अटक झाली आणि पोलिसांच्या पत्रकार परिषदेत चौदाही पूर्ण न झालेल्या त्या मुलीच्या चारित्र्याची चर्चा झाली. परिषद घेणाऱ्या अधिकाऱ्याला मुलीचे नावही नीट घेता आले नाही, पण तिच्या वागणुकीविषयी खात्री होती. ही निर्भयता अंगी बाणवावी.

त्याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट उपयोगी आहे. पहिल्या दिवशी पोलिसांनी ते घर बंदिस्त केले नव्हते. शेजारी, नातलग, पत्रकार आत-बाहेर करत होते. तुमच्याकडेही पिवळी फीत लागलेली नसेल तर एक फेरी मारून या. "मी स्वतः आत जाऊन आलो," या वाक्याला चांगला भाव आहे. आत काय तुडवून आलात, कोणत्या कठड्यावर हात ठेवून आलात, हे अँकर विचारत नाही.

५. सूत्र कसे व्हावे

"सूत्रांच्या माहितीनुसार" हे ऐकून सूत्र म्हणजे पोलीस आयुक्तालयातला कोणी बडा अधिकारी असेल असे वाटते. कधी तो असतोही. पण स्थानिक खुनात सूत्र होणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आहे.

कृती अशी. सकाळी आठ वाजता टपरीवर म्हणा, "पैशाचं काहीतरी असणार." टपरीवाला नऊ वाजता वॉचमनला सांगतो, "पैशाचं प्रकरण आहे म्हणे." वॉचमन दहा वाजता प्रतिनिधीला सांगतो. साडेदहाला स्टुडिओत पट्टी चालते: आर्थिक व्यवहारातून हत्या? अकराला ते प्रश्नचिन्ह गळून पडते. बारा वाजता तुमची सोलापूरची मेव्हणी फोन करते, "अहो, किती लाखांचा व्यवहार होता?" साडेबाराला तुम्ही टपरीवर येऊन सांगता, "बघा, मी सकाळीच म्हटलं होतं." आता तुम्हालाही खात्री पटलेली असते, कारण बातमी टीव्हीवर आली आहे.

अफवा वाहिन्यांनी जन्माला घातल्या, असे मात्र म्हणता येणार नाही. १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर खुनांच्या काळात पुण्यात वृत्तवाहिनी नव्हती, तरी तिन्हीसांजेला दारे लागत आणि रोज नवी अफवा वाड्यावाड्यांतून फिरे. फरक एवढाच, की तेव्हाच्या अफवेच्या कोपऱ्यात लोगो नव्हता. ऐकणारा निदान सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवू शके, की याच्यावर किती विश्वास ठेवायचा.

६. मधला अभ्यासक्रम

दुसऱ्या दिवशी स्वभाव संपतो, संशयितही जुना होतो. अशा वेळी काय दाखवावे, याची यादी आयती उपलब्ध आहे आणि ती मुंबई उच्च न्यायालयाने केलेली आहे. अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर वाहिन्यांवर जे चालले, त्याविरुद्ध जनहित याचिका झाल्या. याचिकाकर्त्यांत निवृत्त पोलीस अधिकारीही होते. १८ जानेवारी २०२१ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने २५१ पानांचा निकाल दिला आणि तपास चालू असताना माध्यमांनी काय टाळावे ते एकेक करून लिहून ठेवले. नवशिक्याने ती यादी 'टाळावे' या शब्दावर बोट ठेवून वाचावी. दिवसभराचे वेळापत्रक तयार होते.

सकाळी: आरोपीच्या किंवा मृताच्या चारित्र्याविषयी बोलणे. मृत स्त्री असेल तर हा तास वाढवावा. ती किती वाजता घरी यायची, कोणाच्या गाडीवरून यायची, हसायची का, फोनवर किती बोलायची, कपडे कोणते घालायची. पुरुष मृताच्या कपड्यांविषयी अजून कोणी विचारलेले नाही, तेव्हा तिथे वेळ घालवू नका.

दुपारी: साक्षीदारांच्या आणि घरच्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या सांगण्याची चिरफाड करणे. उद्या न्यायालयात महत्त्वाचे ठरणारे म्हणणे आजच चार पाहुण्यांनी चघळलेले बरे, म्हणजे साक्षीदाराला स्वतःचे कुठले आणि पाहुण्यांचे कुठले हे उरत नाही.

चार वाजता: घटना पुन्हा घडवून दाखवणे. प्रतिनिधी जिन्यावरून चालत येतो, "याच जिन्यावरून आरोपी वर गेला," असे म्हणत धापा टाकतो. तुम्ही मागे भिंतीला टेकून उभे राहावे. कधीकधी मृताच्या जागी पडून दाखवायला माणूस लागतो. कोपऱ्यात 'नाट्यरूपांतर' असे लिहिलेले असल्याने नातेवाइकांनी मनावर घेऊ नये.

संध्याकाळी: पोलिसांनी पुढे काय करावे हे सांगणे. यासाठी निवृत्त काका राखीव.

रात्री नऊ वाजता: निकाल. दोषी कोण, शिक्षा काय, फाशी चौकात द्यावी की तुरुंगात. न्यायालयाने नेमके हेच करू नये म्हटले आहे, म्हणून याला सर्वांत चांगली वेळ राखून ठेवलेली असते.

यादीतला एक मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा: 'आरोपीची पोलिसांसमोर कबुली'. ही पट्टी आली की पाहणाऱ्याला वाटते, संपले, आता फक्त दोर आणायचा. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या साक्षीपुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमातही तो आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज सरकारलाही आपल्या पोलिसांसमोरच्या कबुलीवर विश्वास नव्हता. तो ठेवायला आपल्याला फक्त लाल पट्टी पुरली. कायद्याचे हे बारकावे न सांगता कबुली ग्राह्य असल्यासारखी दाखवू नका, असेही त्या निकालात आहे. पण बारकावे सांगायला चाळीस सेकंद लागतात आणि पट्टीला चार.

७. शंका-समाधान

प्रश्न: खून झाला तेव्हा मी तुळजापूरला होतो. मी बाईट देऊ शकतो का?
उत्तर: अवश्य. "मी आत्ताच पोचतोय, पण इथल्या वातावरणात तणाव जाणवतोय," एवढे म्हणा. बॅग हातात असू द्या.

प्रश्न: चेहरा दाखवू नका अशी विनंती केली तर मान्य होते का?
उत्तर: होते. चेहरा धूसर करतात. तुमचा आवाज, दारावरची नावाची पाटी आणि कठड्यावर वाळत घातलेला कंपनीच्या नावाचा टी-शर्ट तेवढा स्पष्ट दिसतो.

प्रश्न: मृताच्या आईला "आता काय वाटतंय?" असे विचारणे बरे दिसते का?
उत्तर: ते तुम्हाला विचारायचे नाही, त्याची काळजी नसावी. तुम्ही फक्त तिचे दार कोणते ते दाखवायचे.

प्रश्न: सोसायटीतल्या लहान मुलांना बोलू द्यावे का?
उत्तर: मोठी माणसे शाळेतून येणाऱ्या मुलांना बजावू शकतात, "कॅमेऱ्यासमोर जाऊ नका." मुले ऐकत नाहीत. त्यांनी सकाळी शाळेला जाताना आजोबांना तिथेच पाहिलेले असते.

प्रश्न: चुकीचे बोललो तर शिक्षा होते का?
उत्तर: वाहिनीविरुद्ध आधी वाहिनीकडेच आणि नंतर वाहिन्यांनीच स्थापन केलेल्या प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. त्या प्राधिकरणाला जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड करता येई. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही ही रक्कम अपुरी वाटली. शेजाऱ्यासाठी असे कोणतेच प्राधिकरण नाही. अब्रुनुकसानीचा कायदा सगळ्यांना लागू आहे, पण ज्याची अब्रू गेली तो त्या वेळी कोठडीत असतो, आणि बाहेर असेल तर जामिनासाठी बायकोचे दागिने मोडत असतो. तो तुमच्या बारा सेकंदांमागे लागेल अशी भीती नको.

८. समन्स आल्यास काय करावे

हा या मार्गदर्शिकेतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण आतापर्यंत कमावलेले सगळे इथेच गमावले जाते.

व्हॅन गेल्यावर दोन दिवसांनी एक हवालदार येतो. त्याच्याकडे बूम नसतो. तो म्हणतो, "काका, पंच म्हणून सही लागेल जरा. या ठाण्यात." दिवसातून सहा वेळा बाईट दिलेल्या माणसाला नेमका तेव्हाच रक्तदाब आठवतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आजोबा सांगून गेलेले असतात. बूमची पायरी त्यांच्या काळी नव्हती, त्यामुळे तिच्याविषयी ते काही बोललेले नाहीत.

नवशिक्यांच्या माहितीसाठी: झडतीच्या वेळी त्याच भागातले निदान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावेत, असे कायदा सांगतो, आणि लेखी बोलावूनही सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा ठरू शकतो. पोलिसांनी तपासात टिपून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही लागत नाही, उलट ती घेऊच नये असा नियम आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरणही करावे लागते. म्हणजे कॅमेऱ्याची हौस इथेही भागते. प्रक्षेपण तेवढे होत नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. वर्षे जातात. नोएडाच्या प्रकरणात २००८ च्या खुनाचा सत्र न्यायालयातला निकाल नोव्हेंबर २०१३ मध्ये लागला आणि आईवडिलांना जन्मठेप झाली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. मधल्या नऊ वर्षांत किती अँकरांनी किती वेळा निकाल देऊन टाकला असेल याची नोंद कुठल्या न्यायालयात होत नाही. तुमच्या गल्लीतला खटलाही असाच रखडतो, आणि एक दिवस समन्स येते. तुम्ही पिंजऱ्यात उभे राहता. बचावाचा वकील, चेहऱ्यावर काहीही न दाखवता, विचारायला लागतो.

तुम्ही आरोपीला पाहिलं? किती वाजता? घड्याळ बघितलं होतं? जिन्यातला दिवा चालू होता? किती फुटांवरून? चष्मा होता? आरोपीच आहे हे कशावरून ओळखलं? ऐकलं की पाहिलं? ऐकलं तर कोणाकडून? त्याला कोणी सांगितलं?

अँकरने यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर बाईट झालाच नसता. भारतीय न्यायालयात तोंडी पुरावा थेट असावा लागतो: पाहिल्याची साक्ष पाहणाऱ्यानेच द्यायची, ऐकल्याची ऐकणाऱ्यानेच. 'लोक म्हणतात'ला तिथे जागा नाही. आणि आरोपीचे आधीचे वाईट चारित्र्य एरवी गैरलागू मानले जाते, त्यामुळे मान खाली घालणे, रात्रीचा दिवा, न मागता दिलेली वर्गणी, सगळे एका फटक्यात बाद. मग तुम्ही म्हणता, "आता आठवत नाही, साहेब." सरकारी वकील वैतागून तुम्हाला फितूर घोषित करायची परवानगी मागतो. सहा बाईट दिलेला माणूस, आणि न्यायालयाच्या कागदावर त्याने कधी काही सांगितलेलेच नसते.

यातून दोन शक्यता निघतात. खून करणारा खरोखर तोच असेल, तर तुमच्या गप्प बसण्याने तो सुटतो. तो नसेल, तर तुमच्या बोलण्याने तो आधीच शिक्षा भोगून झालेला असतो. पहिल्या शक्यतेवर वाहिनी पुन्हा येते: 'कायद्याचा धाक उरलाय का?' तुम्हाला बाईट द्यावा लागेल, तयारीत राहा. दुसरी शक्यता बातमी नाही. देश गाजवलेल्या प्रकरणात सुटकेच्या दिवशीही कॅमेरे असतात. गल्लीतला माणूस सुटून येतो तेव्हा व्हॅन दुसऱ्या गल्लीत असते. तो रिक्षाने येतो, सामान काढतो आणि तुमच्याच मजल्यावर राहायला लागतो. जिन्यात गाठ पडल्यावर त्याला काय म्हणावे, याचा नमुना या मार्गदर्शिकेत मिळणार नाही. तो ज्याचा त्याने तयार करायचा आहे.

९. स्वाध्याय

(सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक. शेजाऱ्याची उत्तरे पाहून लिहू नयेत.)

अ) 'त्याच्या घरी रात्री उशिरापर्यंत दिवा चालू असायचा.' या एका वाक्यावरून मृत, आरोपी आणि साक्षीदार अशा तिघांची स्वभावचित्रे रंगवा.

आ) तुमच्या इमारतीत येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची उत्पन्नानुसार चढत्या क्रमाने यादी करा. पहिल्या तिघांवर संशय घेण्याची कारणे नंतर लिहिली तरी चालतील.

इ) पुढील प्रश्नांची प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे द्या: तुमच्या शेजाऱ्याचे पूर्ण नाव काय? त्याला मुले किती? तुम्ही त्याच्याशी शेवटचे कधी बोललात? (कॅमेरा येण्यापूर्वीची उत्तरेच ग्राह्य धरली जातील.)

ई) एखाद्या घटनेविषयी तुम्ही या वर्षी ठामपणे बोललात ते सर्व दीडशे शब्दांत लिहा. नंतर त्यातले जे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, तेवढेच खाली उतरवून काढा. उत्तरासाठी अर्धी ओळ सोडली आहे. पुरवणी मिळणार नाही. ती कोणी अजून मागितलेलीही नाही.